मशिन कुठलं ते नंतर, आधी पावलं किती ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पॅरालिसिसच्या पेशंटना चालवणाऱ्या रोबोटिक मशिनवरचा लेख वाचला. लेख बरा होता, फोटोही झकास, पण तो छापून आल्यापासून मला येणाऱ्या फोनवर एकच प्रश्न आहे की मॅडम ते मशिन तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठे आहे, आणि बाबांना तिकडे नेलं तर ते चालतील ना. मी न्यूरो फिजिओ आहे, स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा अटॅक, झालेल्यांना पुन्हा चालतं करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण आकडे तेवढे ठेवा.

मशिनला माझा विरोध नाही हे आधीच सांगते. ज्याला अजून उभंच राहता येत नाही, दोघांनी धरलं तरी गुडघा गपकन वाकतो, अशा पेशंटला पट्ट्यांनी वरून आधार देऊन ट्रेडमिलवर चालवता आलं तर चांगलंच आहे की, फिजिओची कंबरही वाचते. बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पण साधारण हेच दिसतं, पहिल्या तीन महिन्यांत, स्वतःहून चालता न येणाऱ्या पेशंटला नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीने मशिन दिलं तर आधाराशिवाय चालायला लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. जोडीने बरं का, फिजिओथेरपी बंद करून नाही. पण जो माणूस काठी टेकत का होईना चालतोय त्याला त्या सापळ्यात अडकवून काय मिळतं? २००८ मध्ये अमेरिकेत हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. स्ट्रोक होऊन बरेच महिने उलटलेले, चालू शकणारे ४८ लोक घेतले, काहींना रोबोटने चालवलं, काहींना फिजिओने हाताने लागेल तेवढीच मदत देत चालवलं, आणि चालण्याचा वेग जास्त सुधारला तो फिजिओवाल्या गटाचा. यात नवल काही नाही, पाय उचलून पुढे ठेवायचं काम मशिनच करत असेल तर पेशंटच्या मेंदूला कष्ट घ्यायचं कारणच काय.

याहून मोठा अभ्यास म्हणजे २०११ चा लीप्स. पामेला डंकन यांच्या टीमने ४०८ पेशंट घेतले, एका गटाला स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर हार्नेस, म्हणजे वरून आधार देणारे पट्टे, लावून चालण्याचं ट्रेनिंग, दुसऱ्याला तेच सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या गटाला ट्रेडमिल वगैरे काही नाही, फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम हळूहळू वाढवत नेले आणि रोज चाला म्हणून मागे लागले. वर्षाअखेर हिशोब काय निघाला तर ५२ टक्के लोक चालण्याच्या वेगाच्या वरच्या पायरीवर गेले, आणि तिन्ही गटांत फरक जवळजवळ नाहीच. महागडी यंत्रणा आणि घरी येणारा फिजिओ, रिझल्ट सारखा. आता यावरून कोणी म्हणेल की मग काहीच केलं नाही तरी चाललं असतं, तर तसंही नाही. दुसऱ्या गटाची पाळी सहा महिन्यांनी होती, तोपर्यंत त्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळत होते, आणि सहा महिन्यांच्या तपासणीत त्यांचा वेग बाकी दोन गटांच्या साधारण निम्माच वाढलेला होता. म्हणजे नियमित, पेशंटला घाम फोडणारी आणि वाढत जाणारी मेहनत लागतेच, ती कुठल्या यंत्रावर घेतली हा दुय्यम मुद्दा झाला.

पण नातेवाईक मशिन विचारतात, पावलं कोणीच विचारत नाही! माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीच्या सेशनमध्ये बसून चक्क मोजदाद केली की पेशंट नक्की किती वेळा काय करतो. चालण्याचा सराव होता अशा सेशनमध्ये सरासरी पावलं निघाली ३५७. धडधाकट माणूस एवढी पावलं चार मिनिटांच्या आत टाकतो. उरलेला वेळ कशात जातो ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये, पेशंट येणार, चप्पल काढणार, बेडवर झोपणार, मग पाय वर, पाय खाली, पाय वाकवा, सरळ करा, थोडा शेक, थोडा करंट, शेवटी उरली दहा मिनिटं तर पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांमध्ये, दोन फेऱ्या. घरी तर त्याहून कमी, घरातलं कोणी तरी पेशंटचा पाय धरून वर खाली करतं आणि पेशंट टीव्ही बघतो. असं दुसऱ्याने हलवून सांधे आखडत नाहीत हा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही, पण चालणं त्यातून येत नाही. स्टँडवर लावलेल्या सायकलचे पेडल मारून तोल सांभाळायला कोण शिकलंय का?

चालताना नक्की काय बिघडतं ते थोडं सांगते, कारण घरच्यांना वाटतं पायात ताकद आली की झालं. हालचालीचे हुकूम नेणाऱ्या मेंदूतल्या बहुतेक नसा मेंदूच्या तळाशी आल्यावर दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून डाव्या मेंदूत अटॅक आला की उजवा हातपाय जातो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पायात दोष शोधून उपयोग नसतो, स्नायू जागेवरच असतात, त्यांना वेळेवर आणि पुरेसा हुकूम मिळत नाही ही खरी अडचण. पाऊल पुढे टाकताना पंजा वर उचलला जात नाही, तो लोंबतो, जमिनीला घासतो, मग माणूस त्यावर स्वतःच उपाय शोधतो, कंबर वर ओढतो आणि पाय बाहेरून गोल फिरवत पुढे आणतो. वजन घेताना गुडघा एक तर वाकतो नाहीतर मागे जाऊन कट्कन लॉक होतो. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे माणूस दुखऱ्या, म्हणजे लुळ्या पडलेल्या, पायावर वजनच टाकत नाही, सगळा भार चांगल्या पायावर, त्यामुळे चांगला पाय पुढे टाकायला सवडच मिळत नाही आणि तो घाईघाईने छोटंसं पाऊल टाकून मोकळा होतो. लोक दुखऱ्या पायाकडे बघत बसतात, मी आधी चांगला पाय किती पुढे पडतोय ते बघते, त्यावरून दुखरा पाय किती वेळ भार सोसतोय ते लगेच कळतं.

म्हणून खुर्चीतून उठणं बसणं हा साधा व्यायाम मला बेडवरच्या दहा व्यायामांपेक्षा जास्त आवडतो. बसताना चांगलं पाऊल थोडं पुढे ठेवायचं आणि दुखरं मागे, म्हणजे उठताना भार आपोआप दुखऱ्या पायावर येतो, पेशंटला चुकवता येत नाही. खुर्ची आधी उंच घ्यायची, जमलं की कमी उंचीची. हा व्यायाम करताना पेशंट वैतागतात, बेडवरचेच व्यायाम बरे होते म्हणतात, पण त्यांचा श्वास वाढलेला असतो, मांडी थरथरत असते, म्हणजे काम चाललंय.

स्प्लिंटचं पण एक भूत लोकांच्या डोक्यात आहे. पंजा लोंबत असेल तर घोट्याला प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे पंजा लोंबू न देणारा स्प्लिंट, लावायला सांगितला की घरचे म्हणतात नको मॅडम, सवय लागेल, पाय आळशी होईल. अहो, पंजा घासत चालताना माणूस पडतो, पडायच्या भीतीने चालणं सोडतो, आणि चालणंच सुटल्यावर पाय काय मेहनती होणारे का? एएफओ घालून माणूस जास्त चालणार असेल तर घालावा, पुढे ताकद आली की काढता येतो. करंट देऊन पंजा उचलायचं यंत्र पण असतं, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जी नस जाते तिला पाऊल उचलतानाच्या वेळी झटका द्यायचा म्हणजे पंजा वर होतो, ही आयडिया लिबरसन यांनी १९६१ मध्येच मांडली, नवीन काही नाही. काहींना ते फार मानवतं, पण एएफओपेक्षा चालणं खूप जास्त सुधारतं असं काही दिसलेलं नाही, त्यामुळे ते परवडत नाही म्हणून जीव जाळू नका.

आता कधी सुरू करायचं. इथे दोन्ही टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात महिनाभर पूर्ण आराम, दुसरे म्हणतात अटॅक आल्याच्या दिवशीच उभं करा. २०१५ चा अव्हर्ट नावाचा अभ्यास यावर वाचण्यासारखा आहे, पाच देश, ५६ हॉस्पिटलं, २१०४ पेशंट. निम्म्यांना २४ तासांच्या आत बेडमधून बाहेर काढून जास्तीत जास्त वेळ आणि वारंवार उभं करणं, चालवणं, बाकीच्यांना नेहमीची पद्धत. सगळ्यांना वाटलं होतं लवकर उठवलेले पुढे जातील, झालं उलटं, तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी झालेले लवकरवाल्यांत ४६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. नंतर त्याच आकड्यांची बारकाईने छाननी केली तेव्हा दिसलं की एकदम लांबलचक सेशनपेक्षा थोडा थोडा वेळ पण वरचेवर उठवणं बरं पडतं. आणि नेहमीची पद्धत म्हणजे महिनाभर झोपवून ठेवणं नव्हे हो, तिथेही पेशंट पहिल्या एक दोन दिवसांतच उठत होते. तेव्हा पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या नकळत बाबांना धरून बाथरूमपर्यंत चालवून आणायचा पराक्रम नको, आणि तब्येत स्थिरावल्यावर हप्तेच्या हप्ते गादीवर झोपवूनही नको.

सगळ्यात जास्त चीड येते ती मात्र त्या वाक्याची, सहा महिने झाले, आता जे आहे ते आहे. हे वाक्य कुठून येतं ते मला माहितीये. कोपनहेगनला १९९५ मध्ये ८०४ पेशंटचा एक अभ्यास छापला गेला, त्यात ९५ टक्के लोकांचं चालणं जेवढं सुधारायचं तेवढं पहिल्या ११ आठवड्यांत सुधारलेलं होतं. आकडा खरा आहे पण त्यात मोजलं काय होतं ते कोणी सांगत नाही, अजिबात चालत नाही, आधाराने चालतो, आधाराशिवाय चालतो, अशा मोजक्या ठोकळ पायऱ्या. आधाराशिवाय चालणारा माणूस अर्ध्या वेगाने चालतो की पूर्ण, पन्नास मीटरवर दमतो की पाचशे मीटरवर, हे त्या पायऱ्यांत येतच नाही. आणि वर सांगितलेल्या लीप्समध्ये सहा महिन्यांनंतर ट्रेनिंग सुरू केलेला गट वर्षाअखेर बाकीच्यांच्या बरोबरीला आला होता की! २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यूरो फिजिओंच्या संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती तर खास सहा महिने उलटून गेलेल्या पेशंटसाठीच आहेत, आणि त्यात वेग आणि अंतर वाढवायला काय करा म्हणतात तर मध्यम ते जोरदार दमवणारं चालणं. नुसतं एका जागी उभं राहून तोलाचे व्यायाम किंवा रोबोटने चालवणं यासाठी नको, असं त्यांनी स्पष्टच लिहिलंय.

दमवणारं म्हणजे नाडीचे ठोके जास्तीत जास्त ठोक्यांच्या ७० ते ८५ टक्क्यांपर्यंत जातील एवढं, म्हणजे धापा लागतील, घाम येईल. घरच्यांना हे ऐकून धडकी भरते आणि थोडी भरायलाच हवी, कारण ज्याला स्ट्रोक झालाय त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या पण सहसा फार चांगल्या नसतात. आधी डॉक्टरांकडून बीपी, ईसीजी, शुगर सगळं बघून परवानगी घ्यायची, आणि सुरुवात फिजिओसमोर. बीपीच्या काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांना, नाडी दबलेली राहते, अशांना ठोके मोजून काही कळत नाही, मग किती दम लागला ते पेशंटलाच विचारून ठरवतो. छातीत दुखलं, चक्कर आली, नजर अंधारली तर थांबायचं, बसायचं, आणि लगेच दाखवायचं.

वेग मोजणं तर इतकं सोपं आहे की ते होत नाही याचंच आश्चर्य वाटतं. सपाट जागेत १० मीटर आखायचे, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडायची म्हणजे वेग घ्यायला आणि थांबायला जागा मिळते, बरोबर एकाने चालायचं, दुसऱ्याने मोबाइलवर सेकंद मोजायचे. १९९५ मध्ये जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी यावरून ढोबळ गट पाडलेत. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, म्हणजे १० मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागले तर माणूस घरातल्या घरातच फिरू शकतो. ०.४ ते ०.८ मध्ये थोडंफार बाहेर. ०.८ च्या वर, म्हणजे साडेबारा सेकंदांच्या आत आला तर बाहेर बऱ्यापैकी मोकळेपणाने. आणि रस्ता ओलांडायचा तर? सिग्नलची वेळ बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून बसवलेली असते, म्हणजे १० मीटरला साधारण सव्वाआठ सेकंद. आता बघा, हॉस्पिटलच्या कागदावर लिहून येतं की पेशंट स्वतंत्रपणे चालतो, घरचे पेढे वाटायच्या मूडमध्ये, आणि त्याला १० मीटरला ३० सेकंद लागतायत. तो चालतो, पण रस्त्याच्या मधोमध असताना सिग्नल बदलणार. दर महिन्याला हा आकडा लिहून ठेवला तर फिजिओला पण जाब विचारता येतो, आणि मला विचारलेला आवडतो.

वेगाइतकंच, फिजिओच्या हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर सरळ रेषेत चालणं म्हणजे चालणं नाही. वळावं लागतं, मागे सरकावं लागतं, उंबरा ओलांडावा लागतो, हातात काही तरी असतं, कोणी हाक मारतं. म्हाताऱ्या माणसांवरचा एक छोटा अभ्यास १९९७ चा आहे, बोलायला लागलं की जे चालताना थांबतात ते पुढे जास्त पडतात असं त्यात दिसलं होतं. स्ट्रोकच्या पेशंटमध्ये हे रोज दिसतं, सगळं लक्ष पाय टाकण्यात खर्च झालेलं असतं. त्यामुळे सरळ चालणं जमायला लागलं की मी मुद्दाम गप्पा मारते, वजाबाकी करायला लावते, तेव्हा खरी परीक्षा होते. उजव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर आणखी एक भानगड असू शकते, डाव्या बाजूचं भानच राहत नाही, डोळे चांगले असूनही माणूस डाव्या बाजूने दाराच्या चौकटीला धडकतो, घरचे म्हणतात लक्ष देत नाहीत, रागावतात बिचाऱ्यावर. रागावून काही होत नाही, डावीकडे मान वळवून बघायची सवय लावावी लागते आणि धरणाऱ्याने डाव्या बाजूला राहायचं.

धरण्यावरून आठवलं, कृपा करून पेशंटचा लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून वर उचलू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग असा दुखतो की माणूस चालणं विसरून खांदाच धरून बसतो. कमरेला जाड पट्टा बांधा, दुखऱ्या बाजूला किंचित मागे उभे राहा, पट्टा धरा. काठी चांगल्या हातात.

आता कोणी म्हणेल हे सगळं घरच्यांनाच शिकवून टाका की. करून पाहिलंय. अटेंड नावाचा मोठा अभ्यास आपल्याच देशात झाला, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ मध्ये छापला. घरच्यांना हॉस्पिटलमध्ये आणि घरी जाऊन व्यायाम शिकवले आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले दोन्ही गटांत ४७ टक्के, काडीचा फरक नाही. घरच्यांच्या मायेत कमी होती असं नाही, पण आज किती वाढवायचं, कुठे थांबायचं, पाय असा का पडतोय हे बघणारी शिकलेली नजर आठवडाभरात कुणाला येत नसते. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा चित्रांचा कागद हातात ठेवून रामराम करण्याची जी पद्धत आहे ती बंद व्हायला हवी, आणि डिस्चार्जनंतरचे निदान काही महिने फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग धरून इन्शुरन्स आणि सरकारी योजनांनी त्याचे पैसे द्यायला हवेत. रोबोटिक सेंटरच्या उद्घाटनाला येणाऱ्या पुढाऱ्यांना आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न विचारावा ही विनंती.

राहिलं पडण्याचं. जास्त चालणारा माणूस कधी तरी पडणारच, लीप्समध्ये सुद्धा ५७ टक्क्यांहून जास्त लोक निदान एकदा पडले होते, पण जबर दुखापत झालेले ६ टक्केच. एकदा पडले की घरचे चालणंच बंद करतात, तसं करू नका, त्यापेक्षा जमिनीवरून उठायचं कसं ते फिजिओकडून आधीच शिकून घ्या. चांगल्या कुशीवर वळायचं, चांगल्या हाताच्या कोपरावर उठून बसायचं, घरच्यांनी न हलणारी खुर्ची समोर आणून द्यायची, तिला चांगल्या हाताने धरून गुडघ्यांवर यायचं, चांगलं पाऊल पुढे टेकवायचं आणि त्यावर जोर देऊन उठायचं, घाई नाही, खाली बसून दोन मिनिटं श्वास घेतला तरी चालतं. फक्त डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आपली,
एक न्यूरो फिजिओथेरपिस्ट